कोकणात डिस्क गोल्फची सुरुवात: तीन डिस्क, एक टोपली आणि वाऱ्याचा अंदाज

डिस्क गोल्फचा हिशेब गोल्फसारखाच आहे. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, ती जिथे थांबेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्यांच्या बास्केटमध्ये पोचवायची. अमेरिकेत एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात पहिला कायमचा कोर्स आखला. पुढच्याच वर्षी त्यांनी या खेळाची व्यावसायिक संघटना, म्हणजे पीडीजीए, सुरू केली. त्याआधी लोक झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांवर नेम धरून खेळत. कोकणात शिकणाऱ्यालाही तशीच सुरुवात करता येते. तयार कोर्स जवळ नाही म्हणून थांबण्याचं कारण नाही.

मात्र इथे शिकताना दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून धरून चालाव्या लागतात. किनाऱ्यावर वारा जवळजवळ कायम असतो, आणि हातातून भलतीकडे सुटलेली डिस्क समुद्रात, करवंदीच्या जाळीत किंवा कातळाच्या भेगेत जाते. म्हणून संथ उडणाऱ्या डिस्क, निम्मी ताकद आणि छोटी अंतरं घेऊन शिकायचं. या तिन्ही गोष्टींत घाई केली की महिन्याभरात डिस्कही संपतात आणि उत्साहही.

कोणत्या डिस्क घ्यायच्या

मैदानावर झेलाझेलीसाठी वापरतात ती मोठी फ्रिस्बी इथे चालत नाही. अल्टिमेट या सांघिक खेळाची डिस्क सुमारे २७ सेंटिमीटर व्यासाची असते, गोल्फची साधारण २१ सेंटिमीटर. गोल्फच्या डिस्कची कड जाड आणि वजनदार असते, त्यामुळे ती वारा कापत जाते. नियमाप्रमाणे वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त नसावं लागतं, म्हणून बहुतेक डिस्क १७५ ग्रॅमच्या आत येतात.

सुरुवातीला तीन पुरतात: एक पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची), एक मिडरेंज (मधल्या अंतराची) आणि एक फेअरवे ड्रायव्हर (लांब फेकायची). डिस्कवर बहुतेक कंपन्या चार आकडे छापतात. पहिला वेग: ती नीट उडायला किती जोराने सुटावी लागते ते सांगणारा. दुसरा ग्लाइड, म्हणजे हवेत तरंगत राहण्याची क्षमता. तिसरा टर्न: उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरून आडवा ओढून, फेकलेली डिस्क वेगात असताना उजवीकडे किती कलते. तो बहुधा शून्य किंवा उणे असतो, आणि जितका उणे तितकी ती जास्त कलते. चौथा फेड: वेग उतरताना ती डावीकडे किती वळते. अॅव्हिअर या जुन्या पटरवर २, ३, ०, १ असे आकडे आहेत. बझ या मिडरेंजवर ५, ४, −१, १, आणि लेपर्ड या फेअरवे ड्रायव्हरवर ६, ५, −२, १. याच आकड्यांच्या आसपासचं दुसऱ्या कंपनीचं काहीही चालेल.

वेग ९ च्या वरचा ड्रायव्हर पहिल्या वर्षात घेऊ नये. नवख्याच्या हाताला त्या डिस्कला लागणारा वेग येत नाही. ती सरळ जाण्याआधीच फेड सुरू करते आणि डावीकडे आपटते. मग माणूस तिला सरळ करण्यासाठी हात तिरका करायला लागतो आणि ती खोड नंतर सुटत नाही.

वजन १६५ ते १७५ ग्रॅमच्या दरम्यान ठेवा. नवख्यांना १५० ग्रॅमची हलकी डिस्क सुचवली जाते आणि बंदिस्त मैदानावर ते बरोबर आहे, पण किनाऱ्यावरच्या दुपारच्या वाऱ्यात ती पत्रावळीसारखी उडते. लहान मुलांसाठी मात्र हलकीच घ्या आणि त्यांना सकाळी खेळवा.

प्लास्टिकचा दर्जा जागेप्रमाणे ठरवा. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, किंवा मळ्यात स्वस्त प्लास्टिक पुरतं आणि त्याची पकडही छान बसते. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, खेळणार असाल तर कडक, महाग प्लास्टिक घ्या. कातळावर घासून स्वस्त डिस्कची कड खरबरीत होते आणि कड झिजली की डिस्कचं उडणं बदलते. सरळ जाणारी उजवीकडे उलटायला लागते.

रंगही जागा पाहूनच. तांबड्या कातळावर केशरी-लाल डिस्क दिसत नाही, गवतात हिरवी दिसत नाही, लाटांच्या फेसाजवळ पांढरी दिसत नाही. झगझगीत गुलाबी रंग सगळीकडे दिसतो. मागच्या बाजूला कायम शाईच्या पेनाने फोन नंबर लिहून ठेवा. आणि बहुतेक गोल्फ डिस्क पाण्यात बुडतात हे विसरू नका.

कुठे खेळायचं

सगळ्यांत चांगली जागा म्हणजे भातकापणीनंतर मोकळे पडलेले मळे. नोव्हेंबरपासून पुढे, जिथे पावटा-कुळीथ पेरलेला नाही तिथे, मालकाला विचारून खेळावं. जमीन सपाट असते, डिस्क घरंगळत नाही, बांध हे आयते अडथळे होतात आणि आजूबाजूच्या झाडीमुळे वारा अडतो. धसकटं टोचतात, म्हणून चपला नकोत, बूट हवेत.

पुळण दुसऱ्या क्रमांकाची. लाटेच्या जवळची ओली, घट्ट वाळू उभं राहायला उत्तम. वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि कंबर फिरत नाही. त्यामुळे पुळणीवर ओहोटीच्या वेळीच जायचं. भरतीची वेळ काढायचा जुना आडाखा इथे उपयोगी पडतो: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढचे चार दिवस सकाळी साडेपाच ते नऊच्या दरम्यान ओहोटी लागते, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणीही लांब जातं. या सकाळी चुकवू नयेत. आडाखा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा गावातल्या कोळ्यांना विचारून खात्री करून घ्या.

पुळणीवर गर्दी असेल तर खेळू नका. गणपतीपुळ्याला किंवा अलिबागला सुट्टीच्या संध्याकाळी डिस्क बाहेर काढणं म्हणजे दुसऱ्याच्या डोक्याशी खेळ. पावणेदोनशे ग्रॅमची कडक कड जोरात लागली तर कपाळ फुटतं. वेळाससारख्या गावांत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कासवांची घरटी असतात. तिथे कुंपण घातलेल्या भागाच्या आसपास जाऊ नये, आणि रात्री पुळणीवर दिवे घेऊन डिस्क शोधत फिरू नये.

किनाऱ्यामागचं सुरूबन दिसायला कोर्ससारखंच दिसतं आणि सरळ फेक शिकायला त्याच्यासारखी जागा नाही. दोन ओळींमधून डिस्क नेता आली की हात बसला समजा. माडांच्या आगरात मात्र जाऊ नका. वर नारळ असतात, आणि झापात अडकलेली डिस्क काढायला पाडेली बोलवावा लागतो. आंब्याच्या बागेत मोहोर धरल्यापासून फळं उतरेपर्यंत पाऊलही टाकू नये.

सड्यावर जागा मुबलक, पण तीन गोष्टी सांभाळा. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. तिथे खेळू नका, त्यांवरून चालूही नका. पावसाळ्याच्या शेवटी सड्यावर फुलं येतात तेव्हा तो भाग सोडून द्या. तिसरी गोष्ट जिवाची. दगडाखाली आणि सुक्या गवतात फुरसं असतं. डिस्क भेगेत किंवा गवतात गेली तर हात घालायचा नाही. हातभर लांब काठी जवळ ठेवा, तिने डिस्क आधी उलटा, मग उचला. अंधार पडू लागला की शोध थांबवा.

बास्केट घरी करायची तर

नेमाला काहीच नसेल तर सुरूच्या बुंध्याला जमिनीपासून ६० आणि १४० सेंटिमीटरवर सुतळी गुंडाळा. दोन सुतळ्यांच्या मध्ये डिस्क लागली की होल, म्हणजे खेळाचा एक टप्पा, पूर्ण. महिनाभर एवढं पुरतं.

खरी बास्केट हवी असेल तर सामान असं: सव्वा इंची जी.आय. पाइप सहा फूट, २६ इंची सायकलची आऱ्यांसकट जुनी रिम, चार मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड साखळी सुमारे १५ मीटर, आणि दोन फुटांहून जरा जास्त व्यासाची, वीतभर खोल बांबूची टोपली. पाइप दीड फूट जमिनीत जातो. रिम जमिनीपासून सुमारे १३५ सेंटिमीटरवर आडवी बसवायची. टोपलीचा काठ साधारण ८० सेंटिमीटरवर यावा. टोपलीच्या तळाला पाइपापुरतं भोक पाडून ती वेल्डिंग केलेल्या चकतीवर ठेवा. साखळीचे ८० सेंटिमीटरचे बारा तुकडे रिमच्या कडेला समान अंतरावर टांगा, ७५ सेंटिमीटरचे सहा आतल्या बाजूला आऱ्यांना. सगळ्यांची खालची टोकं टोपलीच्या आत, तळाच्या जरा वर, पाइपाला एका कडीत बांधा.

साखळ्या ताणून बांधणं ही इथली नेहमीची चूक. ताणलेल्या साखळीवर डिस्क भिंतीवर आपटल्यासारखी उलटी येते. किंचित झोळ ठेवला तर साखळी तिला धरते आणि खाली सोडते. आतल्या सहा साखळ्याही वगळू नका, नाहीतर डिस्क पाइपाच्या बाजूने आरपार जाते.

सड्यावर खड्डा खणता येत नाही. तिथे जुन्या टायरमध्ये काँक्रीट ओतून त्यात पाइप उभा करा. साधी लोखंडी साखळी घेऊ नका. खाऱ्या हवेत ती एका पावसाळ्यात गंजून जाते आणि गंजाचे कण डिस्कला चिकटतात. टोपली पावसाआधी काढून पडवीत टांगून ठेवावी.

फेक: आधी उभ्याने

पहिले दोन आठवडे फक्त पटर, आणि एकही पाऊल न धावता. हे कंटाळवाणं वाटतं, पण इथेच सगळं ठरतं.

उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवा खांदा लक्ष्याकडे करून आडवं उभं राहायचं, पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे थोडे वाकवलेले. अंगठा डिस्कच्या वर, कडेच्या जरा आत. बोटं खाली: जोर हवा तर चारही बोटं आतल्या कडेत रोवायची, नेम हवा तर पंख्यासारखी पसरायची. पकड हस्तांदोलनाइतकी. सुटण्याच्या क्षणी मात्र बोटं आपोआप घट्ट होतात.

आता वजन मागच्या पायावर घेत डिस्क छातीच्या उंचीवर सरळ मागे न्या. मान आणि खांदे तिच्यासोबत मागे वळू द्या. मग पुढच्या पायावर वजन टाका, कंबर फिरवा आणि हात शेवटी येऊ द्या. डिस्क छातीच्या अगदी जवळून सरळ रेषेत पुढे ओढायची, केरसुणीची दोरी ओढून घट्ट करताना कोपर पुढे येतं तशी. मनगट सैल हवं. डिस्क सुटल्यावर हात आणि मागचा पाय फिरून पुढे येऊ द्या; अडवलेत तर खांदा आणि गुडघा दुखतो.

जोर पन्नास-साठ टक्के. डिस्कला उडवतं ते तिचं स्वतःभोवती फिरणं. पटर ३० मीटर सरळ आणि डगमगल्याशिवाय गेला की मिडरेंज हातात घ्या. ती ४५-५० मीटर जायला लागली की ड्रायव्हर. पहिल्या काही महिन्यांत ५०-६० मीटर सरळ फेक ही चांगलीच मजल आहे.

चुका ओळखायची रीत अशी. डिस्क वर चढली, थबकली आणि डावीकडे पडली, तर पुढची कड वर होती. नवख्यांपैकी बहुतेकांची हीच तक्रार असते. किटलीतून चहा ओतताना मनगट जसं खाली झुकतं तसं ठेवून फेका आणि डिस्क छातीच्या वर उचलू नका. डिस्क लक्ष्याच्या बरीच उजवीकडे गेली, तर हात अंगाभोवती गोल फिरला आणि उशिरा सुटला. यावर उपाय म्हणजे गडग्याला समांतर, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभं राहून डिस्क हातात ठेवूनच हळू सराव करा. हात गोल गेला की दगडाला लागतो आणि चूक लगेच कळते. डिस्क थरथरत गेली, तर पकड ढिली आहे किंवा मनगट खालीवर हलतंय. उजवीकडे उलटून जमिनीवर चाकासारखी पळाली, तर उजवी कड खाली होती किंवा अंगात नाही तेवढा जोर लावला.

फोरहँड फेक पुढच्या महिन्यात शिका. खाडीच्या पाण्यावर चपटा दगड टप्पे खात जावा म्हणून टाकतो तीच हालचाल. अंगठा वर, पहिली दोन बोटं आतल्या कडेला, कोपर अंगाजवळ. ही डिस्क उजव्या हाताने फेकली तर शेवटी उजवीकडे वळते, म्हणून झाडाला वळसा घालायला दोन्ही फेकी हाताशी असाव्यात.

वारा

पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वाहतो. दहा-अकरानंतर खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तीन-चारला पश्चिम-वायव्येकडून जोरात येतो. शिकणाऱ्याची वेळ म्हणून सकाळी नऊपर्यंतची.

समोरून वारा असेल तर डिस्कला ती जास्त वेगात असल्यासारखं होतं: जास्त कलते, जास्त उचलली जाते. अशा वेळी जोर वाढवणं ही सहज होणारी आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक. जोर कमी करा, डिस्क कमरेच्या उंचीवर ठेवा, डावी कड जरा खाली करून सोडा. मागून वारा असेल तर उलट होतं: ती लवकर खाली बसते आणि लवकर डावीकडे वळते, तेव्हा थोडी उंच फेका.

आडव्या वाऱ्यात डिस्कची कोणती बाजू वाऱ्याला दिसते ते पाहा. वारा वरच्या पाठीवर बसला तर तिला दाबतो, खालच्या पोकळ बाजूवर बसला तर उचलून नेतो. डावी कड खाली असलेली डिस्क उजवीकडच्या वाऱ्यात लांब जाते, डावीकडच्या वाऱ्यात आपटते.

यातून पुळणीवरचा एक पक्का नियम निघतो. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याने समुद्र उजवीकडे ठेवून, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून खेळावं. डिस्क शेवटी डावीकडे, जमिनीकडे वळते आणि खारा वाराही तिला तिकडेच लोटतो. उत्तरेकडे खेळलं तर हीच डिस्क पाण्याकडे वळते. डावखुऱ्याने उलट करावं.

पटिंग

फेकींची खरी बचत इथे, बास्केटजवळच्या शेवटच्या फेकींत, होते. बास्केटपासून ३ मीटरवर दहा फेकी. आठ आत गेल्या की ५ मीटर, मग ७. आठ जमेपर्यंत मागे सरकायचं नाही. पुढचा पाय लक्ष्याकडे, वजन मागून पुढे, हात सरळ नेमाकडे ताणून थांबवायचा. सगळ्या साखळ्यांकडे बघू नका, एकच कडी निवडा. पावसाळ्यात मैदानं बंद असताना पडवीत किंवा शाळेच्या हॉलमध्ये हाच सराव चालू ठेवा. ओल्या हातातून डिस्क निसटते, दोन कोरडे पंचे लागतात, एक पुसायला आणि एक राखीव.

खेळताना लागणारे नियम

नऊ होल आखा, प्रत्येक ४० ते ७० मीटरचं, सगळ्यांना पार तीन, म्हणजे तीन फेकींत संपवण्याचा अंदाज. पहिल्या होलनंतर आधीच्या होलला ज्याच्या फेकी कमी तो आधी फेकतो. पुढे ज्याची डिस्क बास्केटपासून लांब त्याची पाळी. पाळी आल्यावर आणि समोरचा रस्ता मोकळा झाल्यावर ३० सेकंदांत फेकायचं.

डिस्क थांबली तिथे तिच्या मागे, बास्केटच्या रेषेत पाय ठेवायचा. बास्केटपासून १० मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरून मगच पुढे पाऊल टाकायचं. तोल जाऊन पुढे गेलात तर तो दोष. हद्दीबाहेर पूर्ण गेलेल्या डिस्कला एक दंड (एक फेक जास्त मोजायची), आणि ती जिथून बाहेर गेली तिथून एक मीटरपर्यंत आत घेऊन किंवा आधीच्या जागेवरून पुन्हा खेळायचं. हरवलेली डिस्क तीन मिनिटं शोधायची. नाही सापडली तर एक दंड आणि आधीची जागा. झाडात अडकली तर तिच्या बरोबर खालून खेळायचं. वेगळं ठरवलेलं नसेल तर त्याला दंड नाही.

पुळणीवर पाण्याची कड ही हद्द ठरवू नका, कारण ती दर लाटेला सरकते. खेळ सुरू करायच्या आधी काठीने वाळूत रेघ ओढा, आणि पाण्यात गेलेल्या डिस्कसाठी गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही हे आधीच ठरवून घ्या. जून ते सप्टेंबर समुद्राच्या बाजूला खेळूच नये. पुढे कोणी दिसलं तर फेक थांबवायची, सुटल्यावर कळलं तर मोठ्याने "डिस्क!" म्हणून ओरडायचं, आणि हे ओरडणं सोबतच्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवायचं.